जुन्या सायकलीचे फिटनेस सर्टिफिकेट

स्मरणिकेसाठी लेख मागणारा संपादकांचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी लसीकरण, बालदमा किंवा परीक्षेच्या दिवसांतील पोटदुखी यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून देतो. या वेळी वाचकांची परवानगी गृहीत धरून एका सायकलीविषयी लिहीत आहे. रुग्ण वेगळा असला तरी तपासणीची पद्धत आपल्याच शास्त्रातली आहे, आणि तपासणीनंतर जे सांगावे लागले तेही आपण रोज कुणाला ना कुणाला सांगतो, तशाच प्रकारचे होते.

आमच्या मंडळातील एक ज्येष्ठ शल्यविशारद मागल्या वर्षी निवर्तले. विद्यार्थिदशेत मी त्यांच्या हाताखाली काम केले होते. म्हणून ते माझे ‘सर’ आणि त्यांच्या पत्नी ‘काकू’. दिवसकार्यानंतर तीनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला.

“अरे, ह्यांची सायकल खाली पार्किंगमध्ये पडून आहे. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा चाळीस हजार द्यायला निघालाय. दोघांतला वेडा कोण, ते तू येऊन सांग. तुला सायकलीतलं कळतं म्हणतात.”

सायकलीतले मला कळते, ही ख्याती अर्धीच खरी. चाळिशीत रक्तदाब वाढला तेव्हा मी पुन्हा सायकल चालवू लागलो. बाह्यवळण मार्गालगतची सौर छताची २३ किलोमीटरची सायकलवाट ऑक्टोबर २०२३ मध्ये खुली झाल्यापासून दर रविवारी पहाटे तिकडे जातो. जुन्या सायकली घ्यायच्या, उघडायच्या, पुन्हा जोडायच्या, हा छंद त्यातूनच जडला. त्या छंदात दोनदा चांगलाच फसलो आहे. माझे सायकलज्ञान बहुतांशी त्या दोन फसवणुकींची कमाई आहे.

वरच्या मजल्यावरचा मुलगाही माझ्या ओळखीचा निघाला. त्याचे जन्मानंतरचे पहिले वजन मीच नोंदवले होते. आता तो सव्वीस वर्षांचा, गच्चीबावलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आषाढीच्या आधी हैदराबादहून सायकलीने पंढरपूरला जाण्याचा त्याचा बेत होता. जहीराबाद, हुमनाबाद, सोलापूर असा सुमारे ३०० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग आणि पुढे सुमारे ७५ किलोमीटर. पाठीमागे कपडे, अंथरूण, हत्यारे यांचे पंधरा-वीस किलो ओझे. “डॉक्टरकाका, अशी सायकल आता मिळत नाही,” तो म्हणाला. चाळीस हजारांची रक्कम त्याने इंटरनेटवरील परदेशी किमती पाहून ठरवली होती. तेव्हा प्रश्न केवळ काकूंच्या पैशांचा नव्हता.

पूर्वेतिहास

सर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस एफ.आर.सी.एस.साठी इंग्लंडला गेले आणि १९८५ साली परतताना ही सायकल घेऊन आले. रॅले कंपनीची टूरिंग सायकल, बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, वाकडे हँडल, मागे कॅरियर, कातडी सीट. शर्यतीची सायकल आणि टूरिंग सायकल दुरून सारख्या दिसतात. जवळून पाहिल्यावर फरक कळतो. टूरिंगच्या सायकलीत मागचे चाक बैठकीपासून थोडे दूर असते, म्हणजे सामानाच्या पिशव्यांना टाच लागत नाही. मडगार्ड आणि कॅरियर बसवण्यासाठी फ्रेमवरच भोके ठेवलेली असतात. चढासाठी हलके गिअर असतात आणि मागच्या चाकाला पुरेशा तारा असतात. ही सगळी लक्षणे येथे होती.

वय ठरवणे हे पहिले काम. मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली, तर आपण मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतो. सायकलीचेही तसेच आहे. स्टर्मी-आर्चरच्या जुन्या तीन गिअरच्या हबवर निर्मितीचे साल कोरलेले असते. शिमानोच्या सुट्या भागांवर दोन अक्षरे असतात. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे, आणि १९७६ साली ‘ए’पासून सुरुवात. सरांच्या सायकलीच्या मागच्या गिअरवर ‘एच’ आणि ‘सी’ ही अक्षरे होती, म्हणजे १९८३ चा मार्च. फ्रेमचे वय आणि भागांचे वय जुळत असेल, तर सायकल फारशी उघडलेली नाही असे समजावे. एखादाच भाग वयाने धाकटा निघाला, तर तो का बदलला हे विचारावे.

येथे एक भाग तसा निघाला. मागच्या चाकाची रिम ॲल्युमिनियमची, मूळची. पुढची मात्र लोखंडी, क्रोम चढवलेली, आपल्याकडची. मी काकूंना विचारले. त्यांना काही ठाऊक नव्हते. मी ते मनात नोंदवून पुढे गेलो.

पोलादाचा गुण

बैठकीखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ अशी चिकटपट्टी होती. मुलाने चाळीस हजार देऊ केले ते मुख्यतः या पट्टीपायी. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली एका विशिष्ट नळीचे पेटंट घेतले: जोडाच्या टोकांशी जाड आणि मध्ये पातळ. ताण येतो तेथे बळ आणि येत नाही तेथे वजनाची बचत. १९३५ साली मँगेनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ५३१ ही नळी आली आणि पुढची चार-पाच दशके चांगल्या सायकलीची ती खूण ठरली. रेनॉल्ड्स १९२८ पासून ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहात होती. त्याच समूहाने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ साली मद्रासमध्ये टी.आय. सायकल्स ऑफ इंडिया काढली. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीची हर्क्युलिस आणि सरांची विलायती सायकल ही एका गोत्राची भावंडे होत. फरक नळीच्या जाडीचा.

चिकटपट्टी बाजारात वेगळी विकत मिळते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. सीटचा दांडा उपसून त्याचा व्यास मोजावा. त्या काळच्या इंग्रजी ५३१ फ्रेमला सहसा २७.२ मिलिमीटरचा दांडा बसतो. नळी जाड आणि साधी असेल तर दांडा त्याहून बारीक लागतो. दांडा उपसताच येत नसेल, तर तो गंजून आत धरला गेला आहे असे समजावे आणि किंमत तेथेच कमी करावी. सरांचा दांडा सहज निघाला. व्यास बरोबर २७.२.

पोलादाचा आणखी एक गुण प्रवाशाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एका मर्यादेच्या आत ताण राहिला, तर पोलाद थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. शिवाय पोलाद बहुधा पूर्वसूचना देऊन मोडते: आधी वाकते, रंगाला तडा जातो, करकर आवाज येतो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली ती पूर्ण करून परतले. इराण आणि मेसोपोटेमियाचे ते रस्ते त्यांनी पार केले ते पोलादी सायकलींवरच. मात्र पोलादाने दिलेली सूचना वाचणारा कुणी हवा.

तपासणी

नवा टायर, चकचकीत मडगार्ड आणि ताजा रंग यांकडे आधी पाहू नये. या गोष्टी विकत मिळतात. विकत न मिळणारी एकच गोष्ट म्हणजे फ्रेम. म्हणून तपासणी तिच्यापासून सुरू करावी.

पहिली परीक्षा सुतळीची. मागच्या चाकाचा आस जेथे बसतो त्या खाचेला सुतळी बांधावी, ती पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणावी, आणि दोन्ही बाजूंना सुतळी व बैठकीची नळी यांतील अंतर मोजावे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. त्याहून अधिक असेल तर मागचा भाग वाकला आहे. सरांची सायकल या परीक्षेत निर्दोष ठरली.

दुसरी परीक्षा गंजाची. पावसाचे पाणी बैठकीच्या नळीतून उतरून पेडलच्या आसाभोवती, सर्वांत खालच्या पोकळीत साचते. बाहेरून चकचकीत असलेली फ्रेम तेथे आतून सडलेली असू शकते. मुंबई-कोकणातून आलेल्या सायकलीत हे हटकून पाहावे. आपली दख्खनची कोरडी हवा या बाबतीत दयाळू आहे. आस काढला, आत टॉर्च टाकला. तांबूस धूळ होती, पापुद्रे नव्हते.

तिसरी परीक्षा बोटांची, आणि सर्वांत महत्त्वाची. सायकल समोरून आदळली की धक्का चिमट्यातून हँडलखालच्या जोडात जातो, आणि तेथून निघणाऱ्या दोन नळ्या, वरची दांडी आणि खालची तिरकी नळी, जोडामागे इंच-दीड इंचावर किंचित चुरमुडतात. डोळ्याला हे बहुधा दिसत नाही. प्रसूतीत मोडलेले नवजात बाळाचे कॉलरबोन आम्ही बोटानेच शोधतो. त्याच सवयीने मी तिरक्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवले. जोडामागे एक बारीक लाट लागली. पुन्हा फिरवले, पुन्हा लागली. टॉर्च धरला तेव्हा त्या जागी रंगात केसासारखी आडवी रेघ दिसली, आणि पुढची रिम का बदलली होती ते समजले.

बाकीचे भाग मी तरीही तपासले, कारण एक दोष सापडला म्हणून तपासणी अर्धी सोडायची नसते. साखळीच्या बारा इंचांत चोवीस कड्या मावतात. फूटपट्टी लावल्यावर तेच माप बारा इंच आणि एक अष्टमांश भरले, तर साखळीबरोबर दातेरी चक्रेही गेली असे समजावे. येथे तसेच होते. हँडल सावकाश वळवल्यावर मधोमध अडखळत होते, म्हणजे बेअरिंगच्या वाटीत खळगे पडले होते. चाके २७ इंची होती, आणि येथे पुष्कळ जण फसतात. २७ इंची, ७०० सी आणि आपली रोजची २८ इंची ही चाके दिसायला सारखी. पण टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास अनुक्रमे ६३०, ६२२ आणि ६३५ मिलिमीटर असतो. एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. हुमनाबादच्या बाजारात टायर फाटला, तर तेथे काय मिळेल याचा विचार सायकल घेतानाच करावा.

दुसरे मत घ्यावे, म्हणून कोठीच्या बाजूला ज्यांच्या दुकानी मी वर्षानुवर्षे जातो, त्या वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी सुतळी मागितली नाही, टॉर्चही नाही. सायकलीसमोर उकिडवे बसून एक डोळा मिटला, चिमट्याच्या दोन्ही पायांकडे पाहिले आणि म्हणाले, “सामने से मार खाई सो गाडी है, साब. चिमटा भी सीधा किए सो है.” वाकलेला चिमटा कुणीतरी सरळ करून पुन्हा बसवला होता. नळीतली लाट त्यांना मी दाखवण्याची गरज पडली नाही.

निदान आणि काकू

आता सांगायचे कसे? काकूंच्या लेखी ती सायकल म्हणजे सरांची नीटनेटकी राहणी. ‘ह्यांनी तिला ओरखडा येऊ दिला नाही,’ असे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. मी चहा घेता घेता शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले, की सायकल कधीतरी जोरात आदळली होती आणि हे सरांना ठाऊक असले पाहिजे, कारण रिम आणि चिमटा त्याशिवाय दुरुस्त होणार नाहीत.

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन हजार तीन साली ह्यांचं कॉलरबोन मोडलं होतं. आठवतं तुला?”

आठवत होते. हात झोळीत घालून सर सभेला आले होते, आणि ‘जिन्यावरून पडलो’ असे आम्हा सर्वांना त्यांनी सांगितले होते.

“मलाही जिन्याचंच सांगितलं,” काकू म्हणाल्या. “सायकल तेव्हा महिनाभर घरी नव्हती. तेल-पाण्याला दिलीय म्हणाले.” आणि सर गेल्यानंतर मी प्रथमच त्यांना हसताना पाहिले. “सायकल बंद करा म्हणून मी मागे लागेन, ही भीती! वीस वर्षं पत्ता लागू दिला नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्याआधी सर दर हिवाळ्यात सायकलीने बिदरला किंवा नागार्जुनसागरला जात. त्या वर्षापासून ते बंद झाले. सायकल मात्र चालू राहिली: सकाळी टँकबंद, संध्याकाळी वाचनालय. “मला वाटलं, वय झालं.” मला तसे वाटत नाही. सरांनीही त्या नळीवरून बोट फिरवले असणार. स्वतःच्या सायकलीचे निदान त्यांनी केव्हाच केले होते, आणि त्यानुसार तिची पथ्येही ठरवली होती. इतरांना मात्र ते सांगून ठेवले नाही.

कशासाठी योग्य?

आपण सारे फिटनेस सर्टिफिकेटे लिहितो. नुसते ‘फिट’ असे लिहिण्याला अर्थ नसतो, हे अनुभवाने कळते. शाळेत जाण्यास योग्य असलेले मूल गिर्यारोहणास योग्य असेलच असे नाही. जुन्या सायकलीचे मोल ठरवतानाही पहिला प्रश्न हाच असावा: कशासाठी?

संग्राहकासाठी मूळ रंग, मूळ भाग आणि चिकटपट्ट्या यांना महत्त्व. पुण्यात कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय पाहिले की जुन्या, न चालणाऱ्या यंत्रालाही केवढा मान असू शकतो हे समजते. शहरात फिरणाऱ्यासाठी उंची जुळणे, ब्रेक लागणे आणि टायर मिळणे एवढे पुरे. ओझे लादून महामार्गावर जाणाऱ्यासाठी मात्र फ्रेम आणि चिमटा निर्दोष हवेत. तेथे सवलत नाही. उतारावर मागे वीस किलो असताना चिमटा किंवा ती नळी मोडली, तर स्वाराला सावरायला वेळ मिळत नाही. पोलाद सूचना देते हे खरे. या पोलादाने ती देऊन ठेवलेली होती.

मुलाला बोलावून नळीवर त्याचेच बोट ठेवले. त्याचा चेहरा उतरला. “वेल्डिंग करून घेतलं तर?” त्याने विचारले. ५३१ ची नळी मध्ये पोस्टकार्डाहून फार जाड नसते; रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या उष्णतेने तिचे बळ आणखी जाते. ती नळीच बदलायची तर पितळेच्या झाळकामाने, जाणत्या कारागिराकडून. आणि तो खर्च सायकलीच्या किमतीहून अधिक झाला असता.

मग आम्ही तिघांनी बसून हिशेब केला. अशीच निर्दोष सायकल असती, तर आजच्या आपल्या बाजारात मी तिला पंचवीस हजार म्हटले असते. त्यातून साखळी, चक्रे, टायर, केबल आणि बेअरिंग यांचा खर्च वजा होतो. तो साधारण सात हजार. नवा चिमटा अत्यावश्यक. त्याचे तीन हजार. आणि फ्रेमला प्रवासाची मनाई, म्हणून आणखी सहा. उरले नऊ हजार. भंगारवाला चारशेच्या आत देत होता, मुलगा चाळीस हजार. दोघेही वेडे नव्हते; दोघांनी तपासणी न करता भाव केला होता इतकेच.

“चाळीस देणारा समोर असताना नऊ घ्यायचे,” काकू म्हणाल्या, “हे ह्यांना आवडलं असतं.” आणि त्यांनी नऊच घेतले.

मी लेटरहेडवर लिहून दिले: ‘चिमटा बदलल्यानंतर शहरात, विनाओझे चालवण्यास योग्य. लांब पल्ल्याच्या प्रवासास अयोग्य. दर महिन्याला तिरक्या नळीची तपासणी करावी. भेग आढळल्यास त्याच दिवशी वापर बंद करावा. सायकल पुढे विकल्यास हा कागद सोबत द्यावा.’ शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मुलगा पंढरपूरला गेला, तो दुसऱ्या, साध्या पण निर्दोष पोलादी सायकलीवरून. तिच्यावर त्याने सरांचे कॅरियर बसवले होते. कातडी सीटही नेण्याचा त्याचा विचार होता, पण चाळीस वर्षांत ती सरांच्या बैठकीला इतकी सरावली होती, की त्याला एक मैलही सोसवली नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पार्किंगमध्ये अशी एखादी सायकल उभी असेल: वडिलांची, विलायतेहून आणलेली, मुलगा अमेरिकेला गेल्यावर मागे राहिलेली. तिला भंगारात देण्याआधी, किंवा रंग देऊन कुणाला भेट देण्याआधी, एक रविवार सकाळ काढावी. सुतळी, टॉर्च आणि फूटपट्टी घरात असतेच. खालच्या तिरक्या नळीवरून बोट फिरवावे, आणि जे हाताला लागेल ते घेणाऱ्याला सांगावे.